जुन्या ट्रकमधील विद्युत नियंत्रण-पेटी : बदलण्यापूर्वीची तपासणी आणि बदलण्याची रीत

धार आणि देवास ही माळव्यातील दोन गावे मराठी वाचकांस पवार घराण्याच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशात आहेत. आज या जिल्ह्यांचा मालवाहू मोटारींशीही निकटचा संबंध आहे. आग्रा-मुंबई महामार्ग देवासहून इंदूरमार्गे धार जिल्ह्यात येतो, घाट उतरतो आणि खलघाट येथे नर्मदा ओलांडून पुढे महाराष्ट्राकडे जातो. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे १९८६ पासून आयशरचे ट्रक तयार होत आले आहेत. तेथेच ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान वाहन-चाचणी मार्गाचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी झाली की माळव्यातील रस्त्यांवर ट्रकांची वर्दळ वाढते. यांतील बरेच ट्रक दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेले असतात. अशा ट्रकचे मागचे दिवे रात्री घाटात अचानक गेले, तर मागून येणाऱ्या चालकास पुढचे वाहन दिसत नाही. धार जिल्ह्यातील गणपती घाट अनेक वर्षे अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता, हे त्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. म्हणून दिव्यांचा बिघाड किरकोळ समजून चालत नाही. त्याचबरोबर, दिवे गेले की लागलीच महागडी पेटी बदलणे हेही शहाणपणाचे नव्हे. या दोहोंमधील योग्य मार्ग कोणता, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

ही पेटी म्हणजे काय ?

जुन्या पद्धतीच्या ट्रकमध्ये प्रत्येक दिव्याची तार स्वतंत्र असे. चालकाने बटण दाबले की वीज फ्यूज, बटण व रिले यांतून थेट दिव्यापर्यंत जाई. बिघाड झाल्यास कारागीर तारेचा माग काढीत जाई व दोष सापडे.

पुढे वाहनांत इलेक्ट्रॉनिक साधने वाढली. निरनिराळ्या साधनांनी दोनच तारांवरून एकमेकांस संदेश पाठवावयाची 'कॅन' नावाची पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही धूरविषयक मानके सर्वत्र लागू झाली. त्या सुमारास ट्रकमधील इलेक्ट्रॉनिक साधनांचा वापर झपाट्याने वाढला. 'बॉडी कंट्रोल मॉड्यूल' हे त्यांपैकीच एक साधन होय. कारागीर त्यास 'बीसीएम' म्हणतात. आपण त्यास नियंत्रण-पेटी म्हणू. इंजिनाचे नियंत्रण करणारी पेटी वेगळी असते.

नियंत्रण-पेटी बहुधा केबिनमध्ये डॅशबोर्डच्या आत बसविलेली असते. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, काही वाहनांत ब्रेकचे दिवे व दरवाजांची कुलुपे ही कामे तिच्याकडे असतात. चालक बटण दाबतो तेव्हा पेटीस केवळ सूचना मिळते. वीज सोडण्याचे काम पेटी स्वतः करते. किती प्रवाह जात आहे यावरही ती लक्ष ठेवते आणि तो प्रमाणाबाहेर गेल्यास तो मार्ग बंद करते.

दोष पेटीचा की इतरत्र ?

याच गुणामुळे मालकाची फसगत होते. मागच्या दिव्याची तार चेसिसला घासून उघडी पडली, तर पेटी तो दिवा बंद करते. पेटीने आपले काम चोख बजावलेले असते, परंतु पाहणाऱ्यास वाटते की पेटीच गेली. साध्या बल्बच्या जागी एलईडी दिवा लावला की प्रवाह कमी होतो. तेव्हा बल्ब उडाला आहे असे समजून पेटी इंडिकेटर जलद चालविते. अशा वेळी नवी पेटी बसविली तरी दोष कायम राहतो आणि पैसे मात्र जातात.

पुष्कळदा खरा दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे चेसिसला जोडलेल्या परतीच्या तारेत असतो. पावसाळ्यातील चिखल व उन्हाळ्यातील धूळ यांमुळे या जोडावर गंज चढतो. एक साधे गणित पाहू. २४ व्होल्टवर चालणारा ७० वॉटचा दिवा सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. दोन दिवे मिळून सुमारे ६ अँपिअर झाले. गंजलेल्या जोडाचा रोध अवघा अर्धा ओहम असला, तरी तेथे सुमारे ३ व्होल्ट वाया जातात. दिवे मंद होतात. पेटीही त्याच जोडावर अवलंबून असल्यास तिला मिळणाऱ्या सूचनांत गोंधळ होतो. मग वायपर लावला असता इंडिकेटर लुकलुकतो, अशा चमत्कारिक तक्रारी येऊ लागतात.

तपासणीचा क्रम

साध्या मल्टीमीटरने पुढील तपासणी करता येते :

(१) बॅटरी : ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. पूर्ण भारित आणि विसावलेल्या स्थितीत एकूण दाब २५ व्होल्टच्या किंचित वर असावा. इंजिन चालू असता तो साधारणपणे २७.५ ते २८.५ व्होल्ट असावा. याहून बराच कमी अथवा अधिक असल्यास प्रथम बॅटरी व अल्टरनेटर पाहावा.

(२) फ्यूज : नुसता पाहून ठरवू नये. दोन्ही बाजूंस वीज आहे की नाही हे मोजावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कदापि घालू नये. त्याने तारा जळून आग लागण्याचा धोका असतो.

(३) अर्थिंग : दिवे लावून बॅटरीचे ऋण टोक आणि पेटीची अर्थ-तार यांमधील दाब मोजावा. तो ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असल्यास ठीक. अर्धा व्होल्ट वा अधिक असल्यास जोड सोडून घासावा, स्वच्छ करावा व घट्ट बसवावा.

(४) कनेक्टर : हिरवट थर, पाण्याचे डाग, वाकलेली पिन यांचा शोध घ्यावा. समोरच्या काचेच्या रबरातून झिरपणारे पाणी पुष्कळदा येथेच पोहोचते.

(५) संदेशाच्या तारा : बॅटरी सोडवून 'कॅन'च्या दोन तारांमधील रोध मोजावा. दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोधक असल्याने तो सुमारे ६० ओहम भरतो. १२० ओहम भरल्यास एक टोक तुटले आहे असे समजावे.

(६) मागाहून जोडलेली साधने : जादा दिवे, मोठे हॉर्न, संगीताची यंत्रे मूळ तारा सोलून जोडलेली असल्यास ती तात्पुरती सोडवून पाहावे.

एवढे करूनही दोष राहिला, तर निदान-यंत्र लावून पेटीत साठलेले दोषांक वाचून घ्यावेत. पेटीस योग्य दाब, चांगले अर्थिंग व बटणाची सूचना ही तिन्ही मिळत असूनही ती वीज सोडत नसेल, आणि पुढची तार व दिवा निर्दोष असतील, तरच पेटी निकामी आहे असे मानावे.

पेटी बदलताना

जुन्या पेटीवरील भाग-क्रमांक अक्षरशः उतरवून घ्यावा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांचे अंतर्गत कार्य भिन्न असू शकते. शक्य असल्यास जुन्या पेटीतील मांडणी निदान-यंत्राने वाचून जतन करावी.

इग्निशन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे, नंतर बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे. कनेक्टर ओढताना तारेस न धरता त्याच्या खटक्यास धरावे. पिनांना बोट लावू नये. जोडताना बॅटरीचे ऋण टोक शेवटी जोडावे.

नवी पेटी बसविल्यावर बहुतेक वाहनांत तिला त्या वाहनाची माहिती यंत्राद्वारे द्यावी लागते. कारागीर यास 'कोडिंग' म्हणतात. भंगारातून आणलेल्या पेटीत दुसऱ्या वाहनाची माहिती असते. त्यामुळे काही साधने चालत नाहीत आणि चोरीरोधक व्यवस्था असलेल्या वाहनात इंजिनही सुरू न होण्याचा संभव असतो. स्वस्त पेटी घेण्यापूर्वी 'कोडिंग होईल काय ?' हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, जुनी पेटी ज्या कारणाने गेली ते कारण आधी दूर केले पाहिजे. पाणी गळत असेल किंवा तार उघडी असेल, तर नवी पेटीही त्याच वाटेने जाईल. ट्रकवर वेल्डिंग करताना बॅटरी न सोडवणे आणि बॅटरीची टोके उलट जोडणे, ही पेटी जळण्याची आणखी दोन टाळता येण्याजोगी कारणे आहेत.

अधिकारी व शिक्षक यांचे कार्य

शासकीय विभाग आणि स्थानिक संस्था यांच्याकडेही जुने ट्रक व पाण्याचे टँकर असतात. पेटी खरेदीचा प्रस्ताव येईल तेव्हा मंजुरीपूर्वी वरील मोजमापांची लेखी नोंद मागवावी. बॅटरीचा दाब, अर्थिंगवरील दाब आणि दोषांक या तीन ओळी जोडल्या, तरी अनावश्यक खरेदी टळू शकेल. आठ वर्षांहून जुन्या परिवहन वाहनांस योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. त्यापूर्वी सर्व दिवे माल भरलेल्या स्थितीत व रात्री पाहून घेणे हितावह ठरेल.

शिक्षकांनी विजेरीचे दोन सेल, एक लहान बल्ब आणि एक गंजलेला खिळा एवढ्या साहित्यावर हा धडा वर्गात द्यावा. खिळा मंडलात घातला की बल्ब मंद होतो वा विझतो, आणि खिळा घासला की पुन्हा उजळतो. सेल तेच, बल्ब तोच, दोष केवळ जोडाचा, हे मुलांच्या ध्यानात येईल. त्यांतील एखादा उद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाईल, तेव्हा हा अनुभव त्याच्या उपयोगी पडेल.

ट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर मागून येणाऱ्याचा जीव अवलंबून असतो. तो दिवा लागत नसेल तर ट्रक मार्गस्थ करू नये. आणि त्यासाठी पेटी बदलण्यापूर्वी घासकागद व मल्टीमीटर हाती घ्यावे.