पेटी मोठी म्हणून साप घाबरत नाही

‘सापाला लहान डबाच लागतो. मोठी पेटी दिली की तो बिथरतो, खाणं सोडतो.’ बॉल पायथन पाळणाऱ्यांकडून आणि विकणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो. कारण याच समजापायी चार फुटी जनावर जन्मभर दीड फुटी प्लास्टिकच्या डब्यात वेटोळं घालून राहतं.

अर्धं सत्य आहे म्हणून हा समज टिकलाय. मोठ्या, मोकळ्या काचपेटीत ठेवलेला बॉल पायथन अनेकदा खरोखरच खाणं टाकतो. त्याला जाचतं ते उघड्यावर पडणं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा साप दिवसा उंदरांच्या बिळात, वारुळात अंग चोरून बसतो. त्याच पेटीत दोन्ही टोकांना अंग चहूकडून टेकेल अशी लपायची जागा द्या, मधे फांद्या, झाडाची साल, वाळका पाला भरा. मग रात्री तो पेटीभर हिंडताना दिसेल.

‘पण निसर्गात तो बिळातच राहतो ना?’ फक्त बिळात नाही हो! लुईसेली आणि अँजेलिची या संशोधकांनी १९९८ साली नायजेरियातल्या बॉल पायथनांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. नरांच्या भक्ष्यात सुमारे ७० टक्के पक्षी निघाले. हे नर झाडांवर चढतात. आणि साप नेहमी वेटोळंच घालून बसतो म्हणणाऱ्यांसाठी: वॉर्विक आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या ६५ सापांवर तासभर नजर ठेवली, तेवढ्यात ३७ टक्के साप सरळ किंवा जवळपास सरळ पसरले. तेव्हा पेटी निदान सापाइतकी लांब हवीच. चार फुटी सापाला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच.

लांबी तापमानासाठीही लागते. एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्याला २५-२६. दीड फुटात हा फरक राहतच नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, साप जिथे पोट टेकतो तिथेच पक्का बसवा. विदर्भात मे महिन्यात अडचण उलटी होते: खोलीच चाळिशीला टेकते, मग गार टोक सांभाळणं हेच मुख्य काम.

गरम होणारा दगड सोयीचा वाटतो, पण त्यावर साप भाजेपर्यंत बसून राहतो.

पेटीत अंथरायला देवदाराचा भुसा स्वच्छ, सुवासिक असतो खरा. त्यातली तेलं सापाला बाधतात.

हवा कोरडी असली तरी चालते, हेही चूक. आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास नसेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

‘बिनविषारी आहे, मग धामण किंवा मांडूळ पाळायला काय हरकत?’ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. आणि बॉल पायथन विदेशी म्हणून कागदपत्रं नकोत, असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून साप घेऊ नका: हा साप वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.