कर्ज घरात सांगावे : लॉरा वाइल्डर या शेतकरी बाईची हकिकत



हंगाम आटोपला की उसाच्या बिलाचा कागद घरी येतो. टनेज किती, दर काय, सोसायटीची वसुली किती, इतर कपात किती आणि हातात पडणार काय, हे सगळे त्या एका कागदावर असते. हा कागद घरातले किती जण वाचतात? बहुतेक घरी मालक तो घडी करून खिशात घालतात आणि कारभारणीला एवढेच सांगतात, "बिल झालं, यंदा काय उरलं न्हाई." का उरले नाही, ते तिला कळत नाही. लागणीला, खुरपणीला, जनावरांना ती असते. कागदाला मात्र नसते.

या अंकात आम्ही एका परदेशी शेतकरी बाईची हकिकत देत आहोत. देश अमेरिका, पीक गहू, काळ शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा. तरी कर्जाची गोष्ट वाचताना आपल्याच गावची वाटेल.

माहेर

लॉरा इंगल्स हिचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यात पेपिन गावाजवळ झाला. वडील चार्ल्स, आई कॅरोलिन. नवी जमीन फोडायची, घर बांधायचे आणि जमले नाही की गाडी जुंपून पुढे जायचे, असा त्या कुटुंबाचा संसार होता. अमेरिकेत १८६२ साली कायदा झाला होता. सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसली तर १६० एकर नावावर होत असे. एकटी बाई किंवा विधवा अर्ज करू शके. नवरा असलेल्या बाईला मात्र सहसा स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नसे.

ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ती तिथल्या मूळ जमातींची होती. इंगल्स कुटुंबाने १८६९ च्या सुमारास कॅन्सासमध्ये घर बांधले ते ओसेज जमातीच्या जमिनीवर. नावावर कागद नव्हता. १८७१ साली घर सोडून ते विस्कॉन्सिनला परतले.

पुढे १८७४ साली ते मिनेसोटात वॉलनट ग्रोव्हला गेले. लॉराने पुस्तकात लिहिले आहे की, नव्या घराचे लाकूड वडिलांनी येणाऱ्या गव्हाच्या भरवशावर उधारीने आणले. त्या वर्षांत तिकडे टोळधाडीने पिकेच्या पिके खाल्ली. गहू गेला, उधारी राहिली. वडील पायी शेकडो मैल चालत दुसऱ्याच्या सुगीवर मजुरीला गेले. १८७६ साली धाकटा भाऊ नऊ महिन्यांचा होऊन वारला. १८७९ साली थोरली बहीण मेरी आंधळी झाली. त्याच वर्षी कुटुंब डाकोटात गेले. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फाने आगगाड्या महिनोन्‌महिने बंद पडल्या, तेव्हा गवताचे पीळ जाळून आणि कॉफीच्या जात्यात गहू दळून त्यांनी दिवस काढले.

लपवलेले कर्ज

२५ ऑगस्ट १८८५ रोजी लॉराचे लग्न अल्मान्झो वाइल्डर या शेतकऱ्याशी झाले. माणूस कष्टाळू आणि घोड्यांचा शौकीन. नांगर, गवत कापायचे यंत्र, पेंढ्या बांधायचे यंत्र, सगळे हप्त्यावर घेतलेले. लॉराबाईंच्या मागे सापडलेले एक हस्तलिखित १९७१ साली छापले गेले. त्यात या दिवसांची हकिकत आहे. कापणीच्या तोंडावर गारपीट झाली आणि उभा गहू झोपला. मग हिशेब मांडायला बसल्यावर बायकोला कळले की राहत्या घरावरही पाचशे डॉलर कर्ज आहे. नवऱ्याने ते सांगितलेच नव्हते. सांगून तिला कशाला काळजीत टाकायचे, असा त्याचा विचार!

आपल्याकडे याला 'पुरुषाचा कारभार' म्हणतात. पण बघा, यंत्रांचे हप्ते ठरताना बाईला घरावरचा बोजा ठाऊक असता, तर ती एकदा तरी म्हणाली असती, "हे यंत्र यंदा राहू द्या." म्हणायची संधीच तिला मिळाली नाही.

पुढची वर्षे वाईट गेली. १८८८ साली दोघांना घटसर्प झाला. अल्मान्झो लवकर कामाला लागले, त्यातच त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि ते कायमचे लंगडत राहिले. १८८९ च्या ऑगस्टमध्ये तान्हा मुलगा नाव ठेवण्याआधीच गेला. त्याच महिन्यात घर जळाले. वर दुष्काळ. मुलगी रोझ तेवढी जगली.

दुसरा डाव

१८९४ साली नवरा, बायको आणि सात वर्षांची रोझ घोडागाडीने साडेसहाशे मैल प्रवास करून मिसुरी राज्यात मॅन्सफिल्डला आली. जवळ शंभर डॉलरची एक नोट होती. लॉराबाईंनी दिवसाला एक डॉलर मजुरीने शिवणकाम करून साठवलेला पैसा त्यात होता, असे रोझने पुढे लिहिले आहे. त्या पैशाच्या आधाराने चाळीस एकर खडकाळ रान घेतले. नाव ठेवले रॉकी रिज.

या खेपेला रीत बदलली. एका पिकावर सगळे लावायचे नाही. सफरचंदाची बाग, दुभती गुरे, कोंबड्या, जळाऊ लाकूड, जे जमेल ते केले. काही वर्षे गावात राहून लॉराबाईंनी परक्या लोकांना जेवण रांधून घातले. सवडीसवडीने जमीन वाढवत दोनशे एकरांच्या आसपास नेली. कोंबड्यांत त्यांचा हातखंडा होता. १९११ पासून 'मिसुरी रूरलिस्ट' या शेतकी पत्रात त्यांचे लेख येऊ लागले. सुरुवातीचे शेतीवरचे काही लेख नवऱ्याच्या नावाने छापले गेले. पुढे त्यांचे स्वतःचे नाव आले. घरची बाई ही धंद्यातली भागीदार आहे, हे त्या लेखांतून पुन्हापुन्हा सांगत.

बाईच्या हाती सोसायटी

आता आपल्या कामाची गोष्ट. १९१६ साली अमेरिकेत शेतकी कर्जाचा कायदा झाला आणि बारा जमीन-बँका निघाल्या. कर्ज थेट मिळत नसे. निदान दहा कर्जदारांनी मिळून गावची संस्था काढायची. कर्जाच्या पाच टक्के रकमेचे शेअर्स घ्यायचे, ते फेडीनंतर परत. व्याज सहा टक्क्यांच्या वर नाही. मुदत पाच ते चाळीस वर्षे. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही, म्हणजे दर हप्त्याला बोजा हलका होत जाई. जमिनीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत आणि विमा उतरलेल्या बांधकामाच्या वीस टक्क्यांपर्यंतच कर्ज. अर्ज आला की सभासदांची समिती जमीन पाहून किंमत ठरवी. कुवतीबाहेर कर्ज दिले तर खड्ड्यात जाणार आपलीच संस्था, हे सर्वांना ठाऊक असे.

आपली विकास सोसायटी ज्यांना माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल याचे की, मॅन्सफिल्डच्या या संस्थेच्या सचिव आणि खजिनदार लॉराबाई होत्या. १९१७ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी हे काम पाहिले आणि जवळजवळ दहा लाख डॉलरची कर्जे त्यांच्या हातून वाटली गेली. ज्या बाईपासून घरावरचे पाचशे डॉलर लपवले होते, तिच्याच टेबलावर गावाचे कर्जअर्ज येऊ लागले.

अखेर

वयाच्या पासष्टाव्या वर्षी, १९३२ साली, लहानपणच्या आठवणींवरचे त्यांचे पहिले पुस्तक निघाले. १९४३ पर्यंत आठ झाली आणि जगभर गेली. त्या कामी लेखिका असलेल्या रोझचे साहाय्य होते. मूळ जमातींविषयी आणि काळ्या लोकांविषयी त्यांत आलेल्या लिखाणावर टीका झाली आणि २०१८ साली त्यांच्या नावाच्या बालसाहित्य पुरस्काराचे नाव बदलण्यात आले. ती टीकाही रास्त आहे.

१९४९ साली अल्मान्झो वारले. लॉराबाई रॉकी रिजवरच राहिल्या आणि १० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वदी पूर्ण झाल्यावर तीन दिवसांनी, आपल्या घरात वारल्या. त्या मॅन्सफिल्डलाच नवऱ्याशेजारी विसावल्या आहेत. ज्या घरात त्यांनी डोळे मिटले, ते कोणी जप्त करू शकले नव्हते.

आपल्याकडे १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि अनेकांनी बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावले. ज्यांनी लावले त्यांचे कौतुकच आहे. पण नाव लागले आणि कागद कपाटातच राहिला, तर अर्धेच काम झाले.

म्हणून सभासद बंधूंना आमची एवढीच विनंती. यंदाचे बिल आले की ते घरात मोठ्याने वाचा. सोसायटीचे किती, बँकेचे किती, हातउसने किती, ठिबकचा आणि ट्रॅक्टरचा हप्ता किती, ते एका वहीत दोघांनी मिळून लिहा. शेअर्सची वारसनोंद झाली आहे की नाही, तेही त्याच दिवशी पाहा. आणि भगिनींनो, मालक विसरले तर तुम्हीच विचारा, "बिलाचा कागद कुठाय?"