‘कन्यादान’ : दोन बापांची गोष्ट

हरिपूर मिरजेहून फार लांब नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव गोविंद बल्लाळ देवलांचे. त्यांचे ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. ते न वाचलेल्यांनाही त्याची गोष्ट ऐकून ठाऊक असते. कांचनभट पैशांच्या लोभाने आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्या श्रीमंताला द्यायला निघतो. (१९२९ च्या बालविवाहविरोधी कायद्याला या शारदेचे नाव मिळाले असे पुष्कळजण समजतात. तसे नाही, ते विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांचे आडनाव त्याला चिकटले.)

विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ वर्गात शिकवताना मला हा कांचनभट वारंवार आठवू लागला. खरे तर १९८३ सालच्या या नाटकातला बाप त्याच्या अगदी उलट टोकाचा. नाथ देवळालीकर समाजवादी आमदार, सज्जन, घरात लोकशाही पाळणारा. मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचे ठरवते, तेव्हा नाथाला केवढा आनंद होतो! आयुष्यभर व्यासपीठावरून जे सांगितले ते आता आपल्या घरात घडणार. त्या आनंदात तो अरुणकडे माणूस म्हणून नीट पाहतच नाही. अरुण पहिल्याच भेटीत कडवट बोलतो, ज्योतीचा हात पिरगळतो. तरी नाथाचा उत्साह ओसरत नाही. मुलगी बापाच्या तत्त्वाची परीक्षा होऊन बसते. कांचनभटाने पैसा पाहिला, नाथाने तत्त्व पाहिले. मुलीकडे दोघांनीही पाहिले नाही.

आई सेवा मात्र प्रथमपासून साशंक. आता यात पूर्वग्रह किती आणि आईची काळजी किती, हे वेगळे काढून दाखवता येत नाही, आणि मला वाटते नाटकाचे खरे बळ तिथेच आहे. सेवा जातीचे नाव घेऊन विरोध करीत नाही. ती मुलाची मिळकत, राहायची जागा, घरचे वळण यांविषयी विचारते. आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत जात अशीच, प्रश्नांची वस्त्रे लेऊन येते. आणि तरीही पुढे ज्योतीला मार बसतो, तेव्हा सेवेची भीती खरी ठरते. वाचक पेचात सापडतो.

नाथाच्या अपराधी भावनेचा कळस शेवटी आहे. अरुणच्या आत्मचरित्राचा गौरव होतो, त्यावरच्या परिसंवादाचे अध्यक्षपद नाथाकडे येते. गरोदर मुलीला मारणाऱ्याचे कौतुक करायचे? तो आधी नाकारतो. मग जातो, कारण न गेल्यास त्रास ज्योतीलाच होणार. तो मनाविरुद्ध स्तुती करतो. ज्योतीला खोटेपणा कळतो आणि ती बापालाच जाब विचारते. माणसातली माणुसकी जागी करता येते, हे तूच शिकवलेस. आता मला ते सोडता येत नाही, असा तिचा रोख. ती परत अरुणकडे जाते.

या नाटकावर दलित वाचकांनी घेतलेला आक्षेप मी वर्गात टाळत असे. एका मुलाने मला टाळू दिले नाही. तो म्हणाला, “सर, सगळे नाटक देवळालीकरांच्या घरात घडते. अरुणच्या घरात एकदाही पडदा उघडत नाही. मग तो असा का झाला, हे आम्ही कुणाकडून ऐकायचे?” मला उत्तर सुचले नाही. नाटक नाथाचे आहे, त्याच्या अंधपणाचे आहे, असे मी सांगितले आणि ते मला आजही पटते. पण त्या मुलाचे म्हणणेही खोडता येत नाही. याच नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला, तेव्हा एका प्रयोगात आपल्यावर चप्पल फेकली गेल्याची आठवण तेंडुलकरांनी काढली होती. त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या, हे मला आवडते.

त्या दिवशी घरी गेलो. स्वयंपाकघरात मोरीच्या वरच्या फळीवर एक कान तुटलेला कप नेहमी पालथा असतो. कामाला येणाऱ्या मावशींचा. तो वेगळा का, हे आईला कधी विचारले नव्हते. विचारले. ती म्हणाली, “त्यांना तोच आवडतो.” मी मान हलवली आणि माझ्या कपात चहा घेतला.