अनेक हात आणि एक काटा

गांव करी तें राव न करी, ही म्हण आपण मुलांस अभिमानानें सांगतों. परंतु गांवास कामाची वांटणी साधली तरच ती खरी ठरते, हें सांगावयाचें विसरतों. ऊसतोडीच्या दिवसांत बारामती-इंदापूर भागांत ज्यानें फेरफटका केला असेल, त्यास याचा दाखला निराळा द्यावयास नको. शेतोशेतीं मजुरांच्या टोळ्या एकाच वेळीं ऊस तोडीत असतात; पण कारखान्याच्या दारीं वजनकाटा एकच असला, कीं साऱ्या गाड्या त्याच्यापुढें तिष्ठतात आणि ऊस वाळून वजन घटतें. टोळ्या वाढविल्या तर रांग वाढते, गाळप वाढत नाहीं.

महासंगणकाचेंहि असेंच आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. एकच महागडें बलाढ्य यंत्र घेण्याऐवजीं त्यांत ट्रान्सप्यूटर नांवाचे लहान, स्वस्त गणक जोडले होते. प्रत्येकास शेजाऱ्यांकडे निरोप धाडण्यास चार दुवे. आतां ६४ गणक जोडले म्हणजे वेग ६४ पट होईल, असें भोळ्या मनास वाटेल. अमेरिकेंतील संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनीं १९६७ सालीं केलेल्या युक्तिवादावरून हिशेब निराळा निघतो. कामाचा दहावा हिस्सा एकट्यानेंच करण्याजोगा असेल, तर ६४ गणकांनीं वेग जेमतेम पावणेनऊ पट होतो. हजारों लावले तरी दहापटीच्या पलीकडे जात नाहीं. तोच हिस्सा शेंकडा एकावर आणला, तर त्याच ६४ गणकांकडून सुमारें ३९ पट वेग मिळतो. एका पैचें नवें यंत्र न घेतां! काम सारखें वांटणें, निरोप थोडे ठेवणें आणि एकासाठीं इतरांस ताटकळत न ठेवणें, हीच ती युक्ति.

ही विद्या आपल्या शिवारापासून दूर नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील 'अर्क' महासंगणक आकाशाचे चौकोन असेच अनेक गणकांत वांटतो. प्रत्येक जण आपल्या सीमेवरील वारा व ओलावा शेजाऱ्यास कळवितो. २०२५ सालीं हे चौकोन बारा किलोमीटरांवरून सहांवर आले. बाजू निम्मी झाली कीं चौकोन चौपट होतात, काळाचे टप्पेहि दुप्पट. म्हणजे गणित सुमारें आठपट. तें वेळेंत उरकलें नाहीं, तर उद्यांचा पाऊस परवां कळावयाचा, आणि इंदापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचें बियाणें मातींत जावयाचें.

मुलांस म्हण शिकवितांना तो काटाहि सांगावा, एवढीच वाचकांस आमची विनंति.