चार पत्त्यांची हूल

बलिप्रतिपदेला आपल्याकडे द्यूतप्रतिपदाही म्हणतात. दिवाळीत पत्त्यांचा कॅट बाहेर काढण्याची रीत मराठी माणसाने जाईल तिथे नेली, आणि पश्चिम लंडनमधलं ईलिंगही त्याला अपवाद नाही. ब्रिटनचा २००५ चा जुगार कायदा घरगुती खेळाला आडवा येत नाही. घरात, मित्रमंडळींत, खेळायला बसण्याचे पैसे न घेता आणि डावातून वाटा न काढता पत्ते खेळायला परवान्याची गरज नाही. पबमध्ये मात्र पोकरला एका डावामागे माणशी ५ पौंड आणि दिवसाला सगळे मिळून १०० पौंड अशी मर्यादा आहे. तेव्हा ईलिंगमधला खेळ राहतो घराच्या टेबलावर. ज्याला मोठा खेळ हवा, त्याने ईलिंग ब्रॉडवेहून एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टनला उतरायचं आणि एजवेअर रोडवरचा ‘द व्हिक’ म्हणजे ग्रोव्हनर व्हिक्टोरिया कॅसिनो गाठायचा. या टेबलांवर तीन पत्तीत मुरलेला खेळाडू येतो, आधी पोकरचा होल्डेम हा प्रकार शिकतो आणि मग ओमाहा या प्रकाराकडे वळतो. तिथे त्याची सर्वात मोठी चूक हूल देण्यात, म्हणजे ब्लफमध्ये, होते. होल्डेममधली हूल ही सांगितलेली गोष्ट असते आणि ओमाहातली हूल ही हातात धरलेली पानं असतात, हे माझं म्हणणं आहे. या दोन्ही खेळांचा हिशेब मांडला की ते उघड होतं.

नियम थोडक्यात सांगतो. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते आणि टेबलावर सर्वांसाठी पाच. या सातांतले कुठलेही पाच घ्या, वाटल्यास हातातला एकच वापरा. ओमाहात हातात चार, पण त्यातले बरोबर दोन वापरायचेच आणि टेबलावरचे तीन. एवढ्या फरकाने गणित पालटतं. होल्डेममध्ये सुरुवातीचे हात १,३२६ प्रकारचे, ओमाहात २,७०,७२५. शिवाय ओमाहातल्या प्रत्येक हातात दोन-दोन पत्त्यांच्या सहा जोड्या दडलेल्या असतात, म्हणजे समोर एक माणूस बसलेला असला तरी त्याच्याकडे सहा हात आहेत असं धरून चालावं लागतं. होल्डेममध्ये दोन एक्के दोन राजांसमोर पाचातले चार डाव जिंकतात. ओमाहात एक्क्यांचा उत्तम हातसुद्धा एखाद्या सलग, दोन रंगांत बसलेल्या हातासमोर जेमतेम पंचावन्न-साठ टक्क्यांवर असतो.

आता एक प्रसंग जवळून पाहू. टेबलावर पाचही पानं उघडी आहेत, त्यातली तीन बदामाची. तुमच्या हातात एकही बदाम नाही. समोरच्याकडे बदामाचा कलर असण्याची शक्यता किती? होल्डेममध्ये न दिसलेली ४५ पानं, त्यात १० बदाम. दोन्ही पत्ते बदामाचे असण्याची शक्यता साडेचार टक्के. ओमाहात न दिसलेली ४३ पानं आणि समोरच्याचे चार पत्ते. त्यांत किमान दोन बदाम असण्याची शक्यता २२.६ टक्के, म्हणजे पाचपट. हा आकडा डोळे झाकून वाटलेल्या हाताचा आहे. शेवटपर्यंत पैसे लावत टिकलेल्या माणसाच्या बाबतीत तो वाढतोच. म्हणून होल्डेममध्ये ‘माझा कलर लागला’ अशी गोष्ट रंगवून समोरच्याला उठवता येतं, कारण बहुतेक वेळा त्याच्याकडे काहीच नसतं. ओमाहात तीच गोष्ट ज्याला सांगायची, त्याच्याच हातात ती असण्याचा संभव मोठा.

मग ओमाहात हूल चालते तरी कशी? त्याच बोर्डावर तुमच्या हातात बदामाचा एक्का आहे, पण दुसरा बदाम नाही असं समजा. तुमचा कलर होत नाही, कारण दोन पानं लागतात. समोरच्याच्या कलरची शक्यताही फारशी घटत नाही, २२.६ वरून १८.८ टक्क्यांवर येते. पण त्याचा कलर सर्वात मोठा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याला नाही. ओमाहात दुसऱ्या क्रमांकाचा कलर धरून सर्वस्व लावणं हे दिवाळं काढण्याचं ठरलेलं साधन असल्याने राजाचा कलर धरलेला जाणता खेळाडू मोठ्या चालीसमोर विचारात पडतो. त्याच्या त्या भीतीवर तुमची हूल उभी असते आणि तिला आधार आहे तुमच्या हातातलं एक पान. पोकरच्या भाषेत याला ब्लॉकर म्हणतात. चेहरा निर्विकार ठेवणं, बेधडक चिप्स सरकवणं याला इथे दुय्यम स्थान आहे. समोरचा नवखा असेल आणि राजाच्या कलरवर खूश होऊन चाल देत असेल, तर ही हूल टाकूच नये.

ओमाहात हुलीला जागा कमी असण्याचं दुसरं कारण पैसे लावण्याच्या नियमात आहे. होल्डेम आज बहुतेक ठिकाणी नो-लिमिट खेळतात, कधीही सगळं लावता येतं. ओमाहा सहसा पॉट-लिमिट खेळतात, एका वेळी पॉटमध्ये, म्हणजे टेबलावर जमलेल्या पैशांत, असेल तेवढंच लावता येतं. पॉट १०० पौंडांचा असताना १०० लावले, तर हूल निम्म्या वेळा लागू पडली की पैसे सुटतात, आणि तेवढेच पैसे टाकून चाल पाहणाऱ्याला १०० टाकून २०० मिळवायचे असतात, म्हणजे तीनातून एकदा तो बरोबर असला तरी त्याचं भागतं. त्यामुळे शेवटच्या चालीत तीनातला एक ब्लफ हे प्रमाण ओलांडणाऱ्याला जाणकार पकडतात. नो-लिमिटमध्ये त्याच पॉटवर २०० लावले, तर पाहणाऱ्याला पाचातून दोनदा बरोबर असावं लागतं, आणि म्हणून ब्लफचं प्रमाणही पाचात दोनवर नेता येतं. चाल जितकी मोठी, तितकी हुलीला जागा जास्त. पॉट-लिमिट ती जागा नियमानेच आवळतं.

‘मर्यादा आली म्हणजे ओमाहा मवाळ खेळ’ असा आक्षेप यावर घेतला जातो. तो टिकत नाही. १०० च्या पॉटवर पूर्ण चाल आणि कुणीतरी ती पाहिली की पॉट ३००, पुढच्या पानावर ९००, शेवटी २,७००. तीन फेऱ्यांत सत्तावीस पट. पण मोठी हूल द्यायची तर हा पॉट पहिल्या तीन पानांपासून वाढवत आणावा लागतो. वाढवताना समोरचा पाहतोच, म्हणजे अधल्यामधल्या पायऱ्यांवर तुमच्याकडे सुधारण्याची खरी शक्यता लागते. ती शक्यता ओमाहा भरभरून देतो. हातात गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की आणि टेबलावर नव्वी, अठ्ठी, दुर्री असेल, तर राणी, गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की, पंजी या सगळ्यांनी सीक्वेन्स होते. मोजून २० पानं. उरलेल्या दोन पानांत त्यातलं एखादं येण्याची शक्यता जवळजवळ ७० टक्के. होल्डेममधल्या दोन्ही टोकांनी उघड्या सीक्वेन्सला ८ पानं आणि साडेएकतीस टक्के. इतका मजबूत हात घेऊन केलेल्या चढाईला ब्लफ म्हणावं का, हाच प्रश्न आहे. ओमाहातली खरी हूल ही अशा चढाईचं न आलेलं शेवटचं पान असते.

होल्डेमच्या इतिहासातली सर्वात गाजलेली हूल या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत शेवटचे दोघे उरले: ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फरहा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती, टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, इस्पिकची अठ्ठी आणि बदामाची तिर्री. राजाखेरीज हातात काही नाही. त्याने सगळे चिप्स पुढे केले आणि फरहाने नव्व्यांची जोडी टाकून दिली. इस्पिकच्या एकट्या राजावर कलरची आशा आणि सत्तीवर सीक्वेन्सची आशा हे त्याच्या हुलीचं इंधन होतं. हेच टेबल ओमाहाचं असतं, तर एका इस्पिकवर कलरची आशाच निर्माण झाली नसती, आणि समोरच्याकडे नुसती नव्व्यांची जोडी असण्याचीही शक्यता फार कमी. ज्या फरहाने पत्ते टाकले, तो १९९६ मध्ये पॉट-लिमिट ओमाहाचं विजेतेपद मिळवलेला खेळाडू होता. एक जोडी म्हणजे कचरा, हे ओमाहाने त्याच्या अंगी मुरवलं असेल असा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

तीन पत्तीवाल्यांचा बिनतोड वाटणारा आक्षेप वेगळा आहे: पत्ते न बघता ब्लाइंड खेळूनही माणूस जिंकतो, मग हूल म्हणजे छातीच. होल्डेमपुरतं याला मोठं उदाहरण आहे. नॉर्वेच्या अॅनेट ओब्रेस्टाडने २००७ मध्ये १८० जणांची एक ऑनलाइन स्पर्धा स्वतःचे पत्ते केवळ एकदा पाहून जिंकली. त्याच वर्षी लंडनला भरलेल्या पहिल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धाही तिने एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जिंकली. होल्डेममध्ये टेबलावरची बसण्याची जागा, चालीचा आकार आणि समोरच्याची भीती एवढ्यावर हे साधतं, कारण त्यात बहुतेक हात पहिल्या तीन पानांशी जुळतच नाहीत. ओमाहात प्रत्येकाच्या सहा जोड्यांतली एखादी कुठेतरी अडकतेच. तिथे न पाहता खेळणारा स्वतःचा एकमेव आधार, हातात कोणतं पान अडवलं आहे ही माहिती, आपणच फेकून देतो.

मग ओमाहाचे थोर खेळाडू इतके आक्रमक का? ऑनलाइन पोकरमधला त्या काळचा सर्वात मोठा पॉट ओमाहातच झाला: नोव्हेंबर २००९, पॅट्रिक अँटोनियस विरुद्ध ‘इसिल्डूर१’ या नावाने खेळणारा व्हिक्टर ब्लोम, १३ लाख ५६ हजार डॉलरहून अधिक. टेबलावर चौकी, पंजी, दुर्री उघडली तेव्हा अँटोनियसकडे एक्का आणि तिर्री, म्हणजे पंजीपर्यंतची सीक्वेन्स तयार. ब्लोमकडे नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की. बघणाऱ्याला ब्लोमची चढाई वेडेपणाची वाटते, पण तिर्री, छक्की, सत्ती, अठ्ठी यांपैकी कोणतंही पान त्याला वरची सीक्वेन्स देत होतं. उरलेली अशी बारा पानं, दोन संधी, म्हणजे शक्यता निम्म्याच्या जवळ. तो हरला. पण खोटं बोलून हरला असं म्हणता येणार नाही. आक्रमकता हे ओमाहात ब्लफचं प्रमाण नाही, हे या डावावरून कळतं. मात्र एका बाबतीत माझं म्हणणं सैल करायला हवं. समोर एकच माणूस असेल तर ओमाहातही हुलीला बराच वाव आहे. पाच-सहा जण पॉटमध्ये असतात तेव्हा तो जवळजवळ संपतो, आणि घरगुती टेबलावर पाच-सहा जण असतातच.

युरोपातल्या जुन्या कार्डरूम पॉट-लिमिटवर पोसल्या, म्हणून तिथले खेळाडू हे गणित कागदावर मांडण्याआधीच अंगवळणी पाडून होते, असं मला वाटतं. टीव्हीने ही परंपरा मागे टाकली. १९९९ पासून ‘लेट नाइट पोकर’ने चॅनल फोरवर टेबलाखालून खेळाडूंचे पत्ते दाखवले आणि लोकांना होल्डेमची छाती आवडली. ओमाहाचे चार पत्ते पडद्यावर तेवढे वाचता येत नाहीत. भारतात मात्र रोख टेबलांवर ओमाहा रुजला, पाच पत्त्यांचासुद्धा. त्यात हाताला दहा जोड्या, म्हणजे नुसत्या गोष्टीवर उभ्या हुलीला आणखी कमी जागा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केल्यावर हे शिकण्याचा एक मोठा मार्ग भारतातल्या मराठी मुलांना उरला नाही, ईलिंगच्या मुलांना तो अजून आहे.

या हिशेबावर विश्वास बसत नसेल, तर यंदाच्या पाडव्याला पैसे न लावता करून पाहा. कॅटमधून तीन बदाम आणि दोन बिनबदाम पानं टेबलावर मांडा, स्वतःला चार बिनबदाम पत्ते घ्या, उरलेला कॅट नीट पिसून समोर चार पत्ते वाटा आणि त्यात किमान दोन बदाम किती वेळा निघतात ते शंभर डाव लिहून ठेवा. मग तेच दोन-दोन पत्त्यांनी करा. पहिल्या यादीत बावीस-तेवीसच्या आसपास खुणा असतील आणि दुसरीत चार-पाच.