बिस्किटावरची वेलबुट्टी

बिस्किट म्हणजे चहात बुडवून खायचा पदार्थ, अशी आपली साधीभोळी समजूत. आजाऱ्याला दुधाबरोबर दोन, शाळेत जाणाऱ्या पोराच्या खिशात चार, आणि अवेळी पाहुणा टपकला तर बशीत सहा. याहून अधिक अपेक्षा आपण या बिचाऱ्याकडून कधी केलीच नाही. बिस्किटे नजराणा म्हणून द्यावीत, आणि तीही अशी की डबा उघडणाऱ्याने खायचे विसरून चष्मा पुसून नुसते पाहत बसावे, ही कल्पना आपल्या घरची नव्हे. परंतु अलीकडे दिवाळीच्या सुमारास मुंबई-पुण्याकडच्या घरांत असे डबे येऊ लागले आहेत. आत दहा-बारा बिस्किटे. एकावर आकाशकंदील, एकावर पणती, एकावर पैठणीच्या पदरावरला मोर. एकावर तर चक्क घरधनिणीचे नाव. सारे साखरेने, हाताने काढलेले. किंमत कळली की घरातले वडीलधारे माणूस हमखास म्हणते, “अहो, एवढ्यात किलोभर काजूकतली आली असती की!”

हा उद्गार चिक्कूपणाचा म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. पैसा मोजणाऱ्याने तो कशासाठी मोजला, हे विचारलेच पाहिजे.

हा व्यवसाय खरा बहरला तो इंग्लंडात. लंडनमध्ये २००७ साली ‘बिस्किटिअर्स’ नावाची कंपनी निघाली. वाढदिवसाला, बारशाला, परीक्षेतल्या यशाला फुलांचा गुच्छ पाठवण्याऐवजी बिस्किटे पाठवा, असा तिचा लोकांना आग्रह. चित्रे छापलेल्या पत्र्याच्या देखण्या डब्यात तितकीच देखणी बिस्किटे; आणि एका मोठ्या डब्याला चाळीस-पन्नास पौंड सहज पडतात. पौंडाला शंभराहून अधिक रुपये धरून वाचकांनी हिशेब करावा, आणि मग पाणी प्यावे. त्याच लंडनात कोपऱ्यावरच्या दुकानात चहाबरोबर खायच्या बिस्किटांचा पुडा पौंड-दोन पौंडांत मिळतो. मग मधले पैसे जातात कुठे?

ते जातात हातात. कसे, ते पाहण्याजोगे आहे. मैदा, लोणी, साखर, अंडे यांत मोलाचे असे लोणीच काय ते. पीठ लाटून साच्याने कापायचे, आणि कापलेला आकार भट्टीत पसरू नये म्हणून तुकडे आधी गार करून घ्यायचे. इथवर कोणीही करील. खरे काम पुढेच आहे. अंड्याचा पांढरा भाग किंवा त्याची भुकटी, आणि वस्त्रगाळ साखर एकत्र फेटून जे होते त्याला ‘रॉयल आयसिंग’ म्हणतात. ते दोन प्रकारचे करावे लागते. एक घट्ट, ओढलेली रेघ जागची हलणार नाही असे. दुसरे पातळ, मधासारखे ओघळणारे. मेंदीच्या कोनासारखा कोन घेऊन आधी घट्ट आयसिंगाने बिस्किटाच्या कडेने रेघ काढतात, आणि मग आत पातळ आयसिंग सोडतात. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. वाफ्याला बांध घातल्याशिवाय तो तरी पाणी कुठे सोडतो? हवेचे बुडबुडे सुईने एकेक फोडायचे. हे वाळले, म्हणजे चांगले तासन् तास वाळले, की त्यावर दुसरा रंग. घाई केली तर लाल पांढऱ्यात उतरतो आणि मोराच्या गळ्याला जखम झाल्यासारखी दिसते. मग पिसाऱ्यावरचे डोळे, मग चोच, शेवटी नावाची अक्षरे. रात्रभर पुन्हा वाळवण. रांगोळीचा ठिपका चुकला तर बोटाने पुसता येतो. इथे मोराची मान चुकली की तो मोर बहुधा घरच्या मुलांच्या पोटात जातो.

एका बिस्किटावर सहाच मिनिटे हात चालतो असे धरून चालू, आणि डब्यात सोळा बिस्किटे. शहाण्णव मिनिटे झाली. ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांवरील कामगाराला एप्रिल २०२५ पासून ताशी किमान १२ पौंड २१ पेन्स देणे कायद्याने ठरले. त्या दराने नुसती हाताची मजुरीच साडेएकोणीस पौंड होते. त्यावर लोणी, डबा, दुकानाचे भाडे, टपाल, आणि मालकाचा नफा. डबा फार सुबक असेल तर त्याने आपले चार पैसे जास्तच खाल्लेले असणार. पण एकंदरीत ही लूट नव्हे.

चैन तरी आहे की नाही? याबाबतीत तिथल्या करखात्याने मोठी गंमत करून ठेवली आहे. ब्रिटनमध्ये साध्या बिस्किटांवरचा मूल्यवर्धित कर शून्य. मात्र बिस्किटावर चॉकलेटचा लेप असेल तर ती चैन ठरते आणि वीस टक्के कर लागतो. आल्याच्या बिस्किटाचा माणूस करतात, त्याला चॉकलेटचे दोन ठिपके देऊन डोळे केले तर तो गरीब, करमुक्त. कोटाला चॉकलेटची बटणे लावली की झाला श्रीमंत! ‘जाफा केक’ हा केक की बिस्किट यावर तर खटला झाला, आणि १९९१ साली तो केक ठरल्याने कर वाचला. साखरेचे आयसिंग मात्र या कचाट्यातून सुटले आहे. म्हणजे यंत्राने चॉकलेटात बुचकळून काढलेले स्वस्त बिस्किट चैनीचे, आणि हाताने मोर काढलेले महागडे बिस्किट कायद्याच्या दृष्टीने भाकरीच्या पंगतीतले. कायद्याला जीभ कळते. हात कळत नाही.

म्युनिकच्या ‘ऑक्टोबरफेस्ट’मध्ये साखरेने प्रेमाची अक्षरे लिहिलेले मसालेदार बिस्किटाचे बदाम फितीत ओवून गळ्यात घालतात. उत्तर क्रोएशियात लाल रंगाचे, साखरेची नक्षी आणि मधोमध इवलासा आरसा बसवलेले बदाम लग्नाकार्यात भेट देतात. ते खाण्यापेक्षा जपून ठेवण्यासाठीच. या कसबाला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. त्या बदामाचा किलोला भाव काय, असे तिथला नवरदेव विचारीत नसावा.

आणि आपण तरी कुठे मागे आहोत? संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतो, बोरन्हाणाला तान्ह्याला नटवतो, ते साखरेचेच की. खसखस, तीळ, साबुदाणा असे काही परातीत घेऊन, मंद आचेवर पाक थेंबाथेंबाने सोडीत हाताने हलवीत राहायचे. तेव्हा कुठे दाण्याला काटा येतो. बोटे पोळतात. मग ते दाणे ओवून तन्मणी, बाजूबंद, मुकुट. एवढे झाल्यावर आपण दुकानात जाऊन काय म्हणतो? “साखरच ना ही? काहीतरी कमी करा.”

खरे दुखणे इथे आहे. हलवा करणारी बाई असो की दिवाळीच्या आधी रात्र-रात्र जागून बिस्किटे रंगवणारी ठाण्या-डोंबिवलीतली गृहिणी असो, तिला ऐकावे लागते ते एकच: “घरीच तर करता, मग एवढे कसले हो?” जणू घरी केलेल्या कामाला वेळ लागत नाही! त्यात मुंबईची दमट हवा. आयसिंग वाळता वाळत नाही. नानकटाईची रीत पाहा. आपण बेकरीत आपले तूप, मैदा, साखर नेऊन देतो आणि भाजणावळ वेगळी मोजतो. मजुरी सुटी दिसते, म्हणून कोणी कुरकुरत नाही. हाताच्या बिस्किटांत ती मोराच्या पिसाऱ्यात दडलेली असते, म्हणून डोळ्यांत खुपते.

तथापि सरसकट भलामण करायची नाही. चवीसाठी म्हणाल तर ही बिस्किटे घेऊ नयेत. लोणी चांगले असले तरी वरचा साखरेचा थर टणक आणि गोडमिट्ट. चवीला तूपभरली नानकटाई केव्हाही सरस. शिवाय आता खाण्याच्या रंगाने छापलेली बिस्किटेही हाताचीच म्हणून खपवली जाऊ शकतात. ओळखायची खूण सोपी आहे. नख हळूच फिरवून पाहा. हाताची रेघ उंचवट्याने लागते आणि दोन मोरांच्या माना कधी अगदी सारख्या नसतात. छापलेले चित्र सपाट, आणि सारे मोर जुळे भाऊ. त्याला छापाचेच दाम द्यावे. कचेऱ्यांतून कंपनीचे बोधचिन्ह उमटवलेले शेकडो डबे वाटतात, त्यांवरचा खर्च मला तरी पटत नाही. घेणाऱ्याचे नाव त्यात कुठेच नसते.

घ्यायचीच तर वीस बिस्किटांचा भपकेबाज डबा घेऊ नये. चार घ्यावीत, करणारीला महिनाभर आधी सांगावे, नावाचे ऱ्हस्व-दीर्घ कागदावर लिहून द्यावेत (ही भाषेच्या मास्तराची विनंती समजा), आणि ती सांगेल तो भाव द्यावा. आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नयेत, बाहेर काढताच दव धरून रंग ओघळतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवली तर भाऊबीजेलाही छान राहतात. मोराची आधी मान खायची की पिसारा, यावरून मुलांत भांडण होईल ते होऊ द्यावे. नावाचे बिस्किट मात्र ज्याचे त्याच्याच हाती द्यावे.