पहिल्या साहसखेळाची मूळ संहिता

जुन्या संगणकीय साहसखेळांविषयी हळवेपणाने बोलणारी माणसं खरं तर स्वतःच्या तरुणपणाविषयी बोलत असतात, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. या प्रकाराला ज्याने नाव दिलं, तो ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ मुळात त्याच्या कर्त्याच्या हुरहुरीतून जन्माला आला.

कर्ता विल क्राउदर. अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या बीबीएन कंपनीतला हा प्रोग्रामर इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत सामील होता. तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया केंटकी राज्यातल्या गुहांची मोजणी करत. जमिनीखाली घेतलेली मापं संगणकात भरून त्यांवरून नकाशे काढणं, हे दोघांचं काम. 1972 मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ या गुहासमूहांना जोडणारी वाट ज्या तुकडीला सापडली, तिच्यात पॅट्रिशिया होती. आज ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा मानली जाते.

पुढे दोघांचा घटस्फोट झाला. क्राउदरचं गुहेत जाणं सुटलं, मुलींशी अंतर पडल्याची खंत त्याला वाटू लागली. त्यांना खेळता यावा म्हणून त्याने 1975-76च्या सुमारास हा खेळ लिहिला. त्यात चित्र एकही नाही. संगणक एखाद्या जागेचं चार ओळींत वर्णन करतो. आपण ‘दिवा घे’ अशा अर्थाची एक-दोन शब्दांची इंग्रजी आज्ञा टाइप करायची, की गोष्ट पुढे सरकते. मी 1990 नंतर हा खेळ खेळलो, तेव्हा वहीच्या मागच्या पानांवर नकाशा काढत बसायचो. मी कागदावर उतरवत होतो ती बेडक्विल्ट नावाची खरीखुरी गुहा आहे, हे मला फार उशिरा कळलं. एका गुहासंशोधकाने नोंदवलेली आठवण अशी: त्यांच्या तुकडीतली एक बाई बेडक्विल्टमध्ये पहिल्यांदाच उतरली होती, पण खेळ पाठ असल्यामुळे परतीची वाट तिनेच बिनचूक दाखवली.

आपण सहसा खेळतो तो मात्र क्राउदरचा पाठ नव्हे. स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने क्राउदरच्या परवानगीने 1977 मध्ये त्यात खजिने, कोडी आणि गुणपद्धती यांची भर घातली. हा वाढीव पाठ सर्वत्र पसरला आणि मूळ पाठ हरवला. पोथ्यांच्या पाठचिकित्सेची ओळख असलेल्या मराठी वाचकाला ही परिस्थिती नवी वाटणार नाही. तिथे घडतं तेच इथेही घडलं: मूळ समोर नसताना समज रूढ झाला, की वास्तव गुहा क्राउदरची आणि जादू वुड्सची.

वुड्सच्या विद्यार्थिदशेतल्या खात्याची एक राखीव प्रत स्टॅनफर्डमध्ये शिल्लक होती. तिच्यात क्राउदरचा मूळ प्रोग्राम सापडला. डेनिस जेर्झ या अभ्यासकाने 2007 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी तो प्रत्यक्ष गुहेतही उतरला होता. फोर्ट्रान भाषेतल्या सुमारे 700 ओळी आणि जवळपास तेवढाच वर्णनांचा व शब्दांचा साठा, एवढाच तो ऐवज. पण कुऱ्हाड फेकणारा बुटका आणि ‘एक्स-वाय-झेड-झेड-वाय’ हा जादूचा शब्द त्यात आधीपासूनच होते. रूढ समज मोडला. मुलींसाठी लिहिणाऱ्या बापाने मोजलेल्या गुहेत जादूही स्वतःच ठेवली होती.

या खेळाची पुढची वंशावळ मोठी आहे. एमआयटीतल्या तरुणांनी त्यावरून ‘झॉर्क’ रचला. रॉबर्टा विल्यम्स हाच खेळ खेळून भारावली आणि 1980 मध्ये पती केनसह तिने ‘मिस्टरी हाउस’ हा सचित्र साहसखेळ काढला. 2023 मध्ये याच दांपत्याने क्राउदर-वुड्सची गुहा त्रिमितीत पुन्हा उभी केली.

ते शक्य झालं, कारण वुड्सचा पाठ हातोहात नकलला जात राहिला. क्राउदरचा पाठ मात्र एका विसरलेल्या प्रतीमुळे वाचला. कागद वाळवी लागेपर्यंत तरी टिकतो. चुंबकीय फीत वाचणारं यंत्र बंद पडलं की तिच्यावरचा मजकूर असून नसल्यासारखा होतो. म्हणून जुन्या खेळांच्या प्रती जपणाऱ्यांना केवळ हौशी म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. पोथ्या उतरवून ठेवणाऱ्यांचंच काम ते करत आहेत.